पाणी रेघेच्या वर येणार नाही, असं आपल्याला का वाटतं?

कृष्णाकाठची

मृग लागायला चार दिवस राहिलेत आणि आमच्या घरात दरवर्षीचा वाद पुन्हा सुरू झालाय. म्हणून हा धागा.

माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. आई-नाना दोघंच असतात. तीन म्हशी आणि एक रेडी. आमच्या सोप्यातल्या खांबावर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची तांबडी २००५ ची, नानांच्या कमरेएवढी. वरची निळी २०१९ ची, तिला हात लावायला मला हात उंच करावा लागतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीचा भोंगा दोन दिवस ओरडत होता. नानांनी तांबडी रेघ बघितली, तिच्यावर दोन विती जागा सोडून माच बांधली, तिच्यावर जोंधळ्याची पोती, गाद्या आणि जमिनीची कागदं रचली. फोनवर मला म्हणाले, "दोन हजार पाचच्या वर पाणी काय यायचं न्हाई. त्याच्यापेक्षा मोठा पूर माझ्या बापानं बघितला न्हाई." दुसऱ्या रात्री दीड वाजता आईचा फोन आला, "अगं, माच हलाय लागलीय." पुढचे दोन दिवस दोघं स्लॅबवर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून. तिसऱ्या दिवशी बोट आली. दावी कापून सोडलेल्या म्हशींतली एक मिळालीच नाही. आई अजून तिचं नाव घेत नाही.

नाना गणिताचे मास्तर होते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, सांगलीला आयर्विन पुलाखाली किती फूट झालं, हे पावसाळाभर रोज वहीत लिहितात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे मला त्यांनीच शिकवलं. २०१९ ला पातळी ५७ च्या वर गेली तो आकडाही वहीत त्यांच्याच अक्षरात आहे. तरी २०२१ ला हलले नाहीत. त्या वेळी पाणी दोन रेघांच्या मध्ये थांबलं. आता म्हणतात, "बघ, म्हणलं हुतं का न्हाई?"

माहिती सगळी आहे, हिशेब येतो, एकदा मरता मरता वाचलेत. तरी माणूस जागचा का हलत नाही? आणि तुमच्या घरातलं असं कोणी कधी हललं असेल तर कशामुळे?

गावभागातला

सांगलीतलं सांगतो. पाणी वाढायला लागलं की आम्ही सगळे पाणी बघायला जातो. कडेला काठी रोवायची, तासाने येऊन बघायचं. काठी बुडली की दोन हात मागे दुसरी रोवायची. २०१९ ला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात-आठ काठ्या झाल्या होत्या आणि आम्ही वीस-पंचवीस माणसं चहा पीत उभे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. कोणी पळत नव्हतं, म्हणून कोणीच पळालं नाही. शेवटी शेजारच्या काकू गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा सगळी गल्ली हलली. त्या शेगडीने आम्हाला वाचवलं असं मी आजही मानतो.

वाशिष्ठीकर

कृष्णाकाठची, तुमच्या नानांची माच आणि चिपळूणमधल्या आमच्या दुकानाची मांडणी एकच. २००५ च्या जुलैत पाणी जिथवर आलं होतं, त्याच्यावर एक फूट सोडून आम्ही सगळी कपाटं ठोकून घेतली होती. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने दाखवायचे, "आता कितीही येऊ दे." २२ जुलै २०२१ ला पहाटे शटर उघडायलाही वेळ मिळाला नाही. पाणी कपाटांच्या वरून गेलं. ओसरल्यावर दुकानात शिरलो तर साड्यांचे गठ्ठे चिखलाने इतके जड झाले होते की दोघांना एक उचलवेना.

नवी मांडणी करताना बाबांनी सुताराला विचारलं, "एकवीसच्या वर किती ठेवूया?" मी तिथेच त्यांना थांबवलं.

मनकवडी

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वर्गात हा विषय दरवर्षी येतो, त्यातलं थोडं सांगते.

"माझ्यावर नाही येणार" असं वाटण्याला ऑप्टिमिझम बायस म्हणतात. नील वाइनस्टीन यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना बऱ्या-वाईट घटनांची यादी दिली आणि विचारलं, इतरांच्या मानाने तुमच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता किती? बहुतेकांनी चांगल्या गोष्टींत स्वतःचा वाटा जास्त धरला, वाईटांत कमी. यावर संशोधकांत वादही आहे. घटना मुळातच दुर्मीळ असेल तर "माझ्यावर नाही येणार" म्हणणारे बहुतेक लोक बरोबरच ठरतात, तेव्हा सगळाच भ्रम म्हणता येत नाही.

पण नानांच्या बाबतीत मला दुसरं संशोधन जास्त जवळचं वाटतं. रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्स्ली यांनी थोडक्यात टळलेल्या संकटांचा अभ्यास केला. संकट नशिबाने टळलं तरी माणूस ते "माझा निर्णय बरोबर होता" या खात्यात जमा करतो आणि पुढच्या वेळी जास्त धोका पत्करतो. २०२१ ला पाणी दोन रेघांच्या मध्ये थांबलं, ते नानांच्या खात्यात असंच जमा झालंय.

गावभागातला, तुमच्या काठ्यांवरून १९६८ चा लाताने आणि डार्ली यांचा प्रयोग आठवला. एका खोलीत माणूस फॉर्म भरत बसलाय आणि भिंतीतून धूर येऊ लागतो. माणूस एकटा असेल तर १०० पैकी ७५ जण उठून सांगायला गेले. सोबत आधीच पढवून ठेवलेले, काहीच न करणारे दोघं असले, तर फक्त १०. डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत बाकीचे फॉर्म भरत राहिले. तुमच्या गल्लीला काकू मिळाल्या हे भाग्य.

दावण

सगळ्यांचं वाचलं. मला हे पटत नाही.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. चार नद्यांच्या पाण्यात आमचं गाव असतं. शहरातल्या माणसाने गाडीची किल्ली घेतली की झालं स्थलांतर. आमच्या गोठ्यात सहा जनावरं. सरकारी छावणीत माणसाची सोय आधी होते, जनावराची मागाहून. ट्रकवाला ऐन वेळी तिप्पट मागतो. व्यालेली म्हैस ट्रकात चढत नाही, चढली तर दूध आटतं. आणि म्हशीच्या दुधावर घर चालतं. म्हणून माणूस थांबतो, "अजून एक रात्र बघू" म्हणतो. त्याला भ्रम म्हणू नका. त्याच्याकडे जायला जागा नसते, तेव्हा पाणी येणार नाही असं मानण्यावाचून त्याच्या हातात काय उरतं?

ताई, तुम्ही नानांना "तुम्ही निघा" म्हणता. म्हशींचं काय करायचं हे त्यांना कधी सांगितलंत का?

पैलतीर

दावण यांना अनुमोदन. अगदी मुळावर बोट ठेवलंत.

कृष्णाकाठची

दावण दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाही, सांगितलं नाही. दरवर्षी मी पुण्यातल्या फ्लॅटची खोली आवरून ठेवते आणि म्हणते, इकडे या. म्हशी त्या खोलीत मावत नाहीत हे मला कळायला इतकी वर्षं लागली.

तरी एक विचारते. तीन म्हशी न्यायची सोय झाली असती, तर नाना २०१९ ला निघाले असते का? मला खरंच माहीत नाही.

माळवद

इथे फारसं लिहीत नाही, पण या धाग्यावर लिहायलाच हवं.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सगळ्यांना आठवतो. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक दमून झोपलेले आणि पहाटे चार वाजायच्या आत सगळं गेलं. पण त्याच्या आदल्या वर्षीचं बाहेर कोणी फारसं बोलत नाही. १९९२ ला दिवाळीच्या आगेमागे जमिनीतून गुडगुड आवाज यायचे, धक्के बसायचे. मी सातवीत होतो. आम्ही अंगणात बाजा टाकून झोपायचो. सगळं गाव बाहेर झोपायचं. आम्हा पोरांना तर जत्राच वाटायची. मोठी माणसं रात्रभर गप्पा मारायची.

मग थंडी पडली. धक्के कमी झाले. आजोबा एक दिवस म्हणाले, भुई हाय, हलतीया, निवल. एकेक घर आत गेलं. सगळ्यात शेवटी आम्ही, कारण माझी आत्या घाबरट होती. तिला सगळे हसायचे.

आमच्याकडची घरं दगड-मातीची, वर माळवद. एका खोलीवर किती गाडी माती असते ते ज्याने पावसाळ्याआधी माळवदावर माती चढवलीय त्यालाच माहीत. तीच माती अंगावर आली. घरातली चार माणसं गेली. आत्या वाचली. ती त्या रात्री पडवीत झोपली होती, वर्षभर तिने आतल्या खोलीत पाठ टेकलीच नव्हती.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग पुनर्वसनाच्या घरात आत्याला कोणी हसलं नाही. ती मात्र म्हणायची, "मला काय कळत हुतं? मला नुसती भीती वाटत हुती."

मनकवडी ताई, तुमच्या विषयात अशा माणसाला काय म्हणतात माहीत नाही. आमच्या घरात आता कोणाला भीती वाटली तर आधी ऐकून घेतात. एवढं बदललं.

गावभागातला

माळवद, काय बोलावं सुचत नाही. आत्यांना नमस्कार.

मनकवडी

माळवद, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. धक्क्यांची सवय होत जाते, याला आमच्याकडे नाव आहे. आत्यांसारख्या माणसाला नाव नाही, असायला हवं होतं.

सेंदाईहून

जपानमध्ये ११ वर्षं आहे. कृष्णाकाठचीच्या रेघा वाचून इथला एक दगड आठवला.

इवाते प्रांतात आनेयोशी नावाची चिमुकली वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी चढावर एक दगड उभा केला. त्यावर कोरलंय की उंचावरचं घर म्हणजे लेकरा-नातवंडांचं सुख, या दगडाच्या खाली घर बांधू नका. २०११ ला पाणी दगडाच्या साधारण १०० मीटर खाली थांबलं. वरची घरं शाबूत राहिली.

त्याच किनाऱ्यावर तारो नावाचं गाव आहे. त्यांनी १० मीटर उंचीची भिंत बांधली होती, लोक लांबून ती बघायला यायचे. २०११ ला पाणी भिंतीवरून आत आलं. भिंत आहे म्हणून न निघालेलीही माणसं होती.

तुमच्या खांबावरची रेघ म्हणजे आठवणच, आनेयोशीचा दगड म्हणजेही आठवण. पण नाना रेघ बघून म्हणतात, पाणी याच्या वर येणार नाही, म्हणून मी इथेच थांबतो. आनेयोशीचे लोक म्हणतात, पाणी इथवर आलं होतं, म्हणून मी याच्या खाली राहणार नाही. मला या दोन वाक्यांतलं अंतर फार मोठं वाटतं.

आणखी एक. या भागात 'तेन्देन्को' असा जुना शब्द आहे. प्रत्येकाने आपापलं पळायचं, कोणाची वाट बघायची नाही. ऐकायला निष्ठुर वाटतो. पण आई शाळेतून पळणार, बाबा बंदरावरून पळणार, हे आधी ठरलेलं असलं की कोणी कोणाला शोधायला मागे फिरत नाही. कामाइशीच्या शाळांतली मुलं हेच शिकली होती. शिक्षकांनी सांगायची वाट न बघता मोठी मुलं पळत सुटली, त्यांना बघून धाकटी पळाली, मुलांना बघून गावातली माणसं पळाली. इथे काकूंच्या शेगडीचं काम मुलांनी केलं.

वाशिष्ठीकर

दगडाची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्याला डोंगराकडेही जायची सोय नाही, तळिये गाव दरड कोसळून डोंगराखालीच गेलं. २२ जुलैलाच, महाडकडे. आमचं दुकान बुडालं तोच दिवस.

भोरचा_भाऊ

माळीणचंही तसंच. ३० जुलै २०१४. सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तर गावच नव्हतं. त्याच्यामुळे बाहेर कळलं. मी तेव्हा मंचरला होतो. महिनाभर माझ्या घरातल्यांना पाऊस वाजला की झोप यायची नाही. पण महिनाभरच. पुढच्या पावसाळ्यात माझ्या चुलत्याने डोंगर पोखरून शेताचं सपाटीकरण केलं. मी होतो तिथे, मशीनला डिझेलही मीच आणून दिलं. आज वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं.

स्टेथोस्कोप

थोडं विषयांतर, पण आतून एकच आहे.

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. छातीत दुखलेला माणूस माझ्याकडे सरासरी एक रात्र उशिरा येतो. त्या रात्री त्याने सोडा प्यायलेला असतो, ओवा खाल्लेला असतो, बायकोला "गॅस झालाय" म्हणून पाठ चोळायला लावलेली असते. बायकोला संशय असतो, पण "उगाच घाबरवू नकोस" म्हणून तिला गप्प केलेलं असतं. मागच्या महिन्यात एक गृहस्थ स्वतः बाइक चालवत आले, शर्ट घामाने चिंब. ईसीजी बघून मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता हलवायचं. ते म्हणाले, "डॉक्टर, उद्या मुलीकडचे पाहुणे येणारेत, परवा चालेल का?"

चालणार नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटने आपली गाडी काढली म्हणून वेळेत पोचले. मुलीचं लग्न झालं, मी जेवून आलो.

विदर्भवाली

डॉक्टर, अमरावतीचं आठवा. २०२१ च्या जानेवारीत आम्ही सगळे "गेला एकदाचा कोरोना" म्हणून लग्नांच्या पत्रिका वाटत होतो. फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे लॉकडाऊन लागलं. तेव्हा पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर म्हणत होते, तुमच्याकडेच काहीतरी झालंय, इकडे काही नाही. मी प्रत्येकाला सांगत होते, येतंय तुमच्याकडे, तयारीत राहा. एप्रिलमध्ये त्यांचेच फोन आले, बेड मिळेल का म्हणून. तेव्हाचं रडू अजून घशात आहे.

धरणफुटका

मूळ प्रश्न अलमट्टी धरणाचा आहे. कर्नाटकने पाणी वेळेवर सोडलं तर यातलं काहीही

धरणफुटका

(वरचा प्रतिसाद अर्धाच गेला) ...काहीही होणार नाही. धरणांवर बोला, लोकांच्या मनावर काय बोलता?

दावण

धरणफुटका, अलमट्टीवर आपण गेल्या वर्षी ४०० प्रतिसाद लिहिले, दोघांनीही. त्या धाग्यावर या, मी तयार आहे. इथे एका ताईला तिच्या आई-बापाची काळजी आहे, आणि पुढच्या आठवड्यात पाऊस येतोय.

धरणफुटका

मान्य. तिकडे भेटू. ताई, नानांना सांभाळा.

पेरता_राहू

मला आशेची बाजू मांडायची आहे, कारण धाग्यात ती आरोपीसारखी उभी केलीय.

मी कोरडवाहू शेतकरी, जत तालुका. दोन सऱ्या ओल दिसली की आम्ही पेरतो. पाऊस दडी मारतो, पेरणी मोडते, पुन्हा बियाणं उसनं आणून दुबार पेरतो. बारीक हिशेब करत बसलो असतो तर आमच्या भागात एक दाणा उगवला नसता. माझ्या बायकोला कर्करोग झाला तेव्हा डॉक्टरांनी आकडा सांगितला होता. तिने तो ऐकला आणि त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षीच्या लोणच्याला कैऱ्या कुठून आणायच्या ते ठरवलं. सहा वर्षं झाली, लोणचं दरवर्षी घालते. ती आशा काढून घेतली असती तर उपचार सोसले असते का तिने?

तेव्हा माणसाला आशा सोडायला सांगू नका.

मनकवडी

पेरता राहू, तुमच्या पत्नींना दीर्घायुष्य लाभो. तुमचं म्हणणं खरं आहे. पण बघा, त्यांनी लोणचं घातलं आणि केमोही घेतली. त्यांची आशा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. नानांची आशा त्यांना सोप्यात बसवते. आशा माणसाला कुठे नेते, एवढंच बघायचं.

पेरता_राहू

हे पटलं.

कलिंगवासी

नोकरीनिमित्त भुवनेश्वरला बरीच वर्षं काढली. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात १० हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा साधारण १० लाख लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. लोक तेच, समुद्र तोच. मधल्या काळात पक्के निवारे बांधले गेले, आणि निवाऱ्यात जायचं हे गावातल्याच ओळखीच्या पोरांनी दारात येऊन सांगायला सुरुवात केली. माझ्या घरमालकीणबाई म्हणायच्या, टीव्हीवरच्या बाईचं मी ऐकत नाही, आमच्या गल्लीतला बाबुली आला की मी चप्पल घालते.

दावण यांच्या मुद्द्यावर: बांगलादेशात किनाऱ्याला मातीचे उंच ढीग रचून ठेवलेत, त्यांना तिकडे 'किल्ला' म्हणतात. ते खास गुरांसाठी. गुरं वर गेली की माणूस आपोआप निवाऱ्यात जातो.

दावण

कलिंगवासी, हे आमच्या तालुक्यात कोणीतरी करावं हो. एका गावाला एक ढीग. कोल्हापूरकडे चिखलीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा आहे, पूर आला की जातात, ओसरला की परत येतात. कायमचं कोणी जात नाही, काळी जमीन इथे आहे ना. पण पुरापुरतं जायला हक्काची जागा असली की माणूस निघतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जुनी_वही

सगळा धागा आत्ता वाचला. माझ्या पणजीची एक आठवण आमच्या घरात चालत आलीय, ती कृष्णाकाठचीच्या कामाला येईल असं वाटतं.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात, मग देशावरच्या गावागावांत पुढची कित्येक वर्षं तो परत परत यायचा. पणजीच्या गावात एक रीत पडली होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. माणूस आजारी पडायची वाट बघायची नाही, पाटलाच्या हुकमाची नाही. माळावर आधीच कुडाच्या झोपड्यांच्या जागा ठरलेल्या असायच्या, कुठल्या वाड्याने कुठे जायचं ते ठरलेलं. पणजी सांगायची की उंदीर पडला की सासू एक शब्द न बोलता जात्याची वरची तळी उचलायची. ती उचलली की सुना गाठोडी बांधायला घ्यायच्या.

त्यांच्यातही असतीलच की "काही होत नाही" म्हणणारे. पण निघायचं की नाही हा प्रश्न ऐन वेळी कोणी कोणाला विचारतच नव्हतं. तो उंदरावर सोपवलेला होता.

नानांचा उंदीर कोणता, ते आत्ताच, कोरड्या दिवसांत ठरवून घ्या. आणि तो आकडा नानांनाच ठरवू द्या. मास्तर आहेत ते.

गावभागातला

जात्याची तळी आणि गॅसची शेगडी. कसं जुळलं बघा.

कृष्णाकाठची

चार दिवसांनी लिहितेय. रविवारी गावी जाऊन आले.

या वेळी "पुण्याला चला" हा विषयच काढला नाही. जेवण झाल्यावर नानांची वही मागितली आणि म्हटलं, नाना, मला एक गणित घालायचंय. २०१९ ला आयर्विन ४० ला होतं तेव्हापासून आपल्या सोप्यात पाणी यायला किती तास लागले? ते चष्मा लावून बसले. वहीत त्या आठवड्याची पानं पाण्याने फुगून एकमेकांना चिकटलीत. त्यांनी ब्लेडने एकेक सोडवली. शाई पसरलीय, पण आकडे वाचता येतात. अर्धा तास काहीतरी मांडत होते. मग म्हणाले, "ट्रक मिळवायला एक दिवस, जनावरं चढवाय अर्धा दिवस, वाटंत पाणी यायच्या आधी निघायचं. म्हंजे पस्तिसाला निघाय पायजे."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "पस्तिसाला कशाला, तिसाला निघू की."

पहिल्यांदा नानांनी तिला "तू गप" म्हटलं नाही. माळवद, तेव्हा मला तुमच्या आत्या आठवल्या. मी आईला विचारलं, तुला २०१९ ला भीती वाटली होती? ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी. पण ह्यांचं गणित, म्हणून मी काय बोलले न्हाई." नाना वहीकडे बघत राहिले. मग पेन घेतलं आणि पस्तीसवर काट मारून बत्तीस लिहिलं.

जाताना खांबाशी उभी राहिले. नाना म्हणाले, तिसरी रेघ मारायची का? मी म्हटलं, मारा, पण कॅलेंडरवर. दाराआडच्या कॅलेंडरवर आता लाल पेनाने लिहिलंय, "आयर्विन ३२ = म्हशी." शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय, ३२ झालं की त्याने येऊन दार वाजवायचं, नाना झोपले असले तरी.

आता राहिला एकच प्रश्न, तोच दावण दादांचा. म्हशी न्यायच्या कुठे? आमचे सगळे पाहुणे काठावरचेच.

पेरता_राहू

ताई, आमच्या भागाला पाण्याची भीती नाही, झालं तर पाण्याची वाट असते. माझा गोठा मोकळाच आहे, दोन वर्षांपूर्वी जनावरं विकावी लागली. तीन म्हशी आणि रेडी आरामात राहतील. आई-नानांनाही खोली आहे. सौ. विचारतायत, नानांना कैरीचं लोणचं चालतं का. पत्ता तुमच्या विपूत (विचारपुशीत) टाकतो.

दावण

व्यालेली असेल तर ट्रकात आधी वासरू चढवा, मग ती मागोमाग चढते. खाली उसाचं पाचट टाका, पाय घसरत नाहीत. आणि ट्रकवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, चार पैसे विसार देऊन.

कृष्णाकाठची

पेरता राहू दादा, नानांना फोन लावून तुमचा निरोप वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कडबा आपला न्यायचा, का तिथं मिळतोय?"